घोट्याएवढं पाणी

ज्वारी दुधावर आली की माझं डोकं फिरायला लागतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हे दिवस मला वर्षातले सगळ्यात चांगले दिवस वाटायचे. सकाळी अंगावर शाल, दुपारी ऊन पाठीला बरं वाटेल एवढंच, आणि परभणीत वसमत रस्त्यावर हिरव्या कणसांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका. ऑफिसमध्ये सगळे एकमेकांना विचारतात, यंदा हुरडा कुणाच्या शेतात? मी खाली बघून काम करत राहते. माझ्या मावशीचं वालूरला शेत आहे, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा फोनवर एक निमंत्रण फिरत फिरत माझ्याकडे आलं. वर पाठमोऱ्या बाईचं चित्र, तिच्या डोक्यावर घागर. खाली लिहिलेलं, ‘कादंबरीच्या मातीत एक दिवस. हुरडा, दही, गूळ, बोरं आणि साहित्यिक गप्पा.’ ठिकाण वाचलं आणि फोन पालथा ठेवला. ते माझ्या मावशीचं शेत होतं.

त्या कादंबरीचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिचं नाव पुष्कळ ठिकाणी छापून आलेलं आहे, माझ्याकडून आणखी एकदा नको.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. वर्गात मराठी बोलायला बंदी होती, त्यामुळे मराठी पुस्तकं मी उशिरा वाचायला लागले आणि अजूनही हळू वाचते, ओठ हलवत. म्हणून असेल, पण जे वाचते ते पूर्ण वाचते. मलपृष्ठ, अर्पणपत्रिका, आभार, सगळं. गेल्या काही वर्षांत माझ्या भागावर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या मी हावऱ्यासारख्या गोळा केल्या. वाटलं होतं, त्यांत आपली माणसं भेटतील. भेगाळलेली जमीन भेटली. मुखपृष्ठावर भेगा, आत भेगा, बाईच्या टाचेला भेगा. आमची काळी माती पावसाळ्यात चपलेला अशी चिकटते की चालणारा माणूस दोन इंच उंच होतो आणि बदकासारखा चालतो; त्याबद्दल एकाही पुस्तकात एक ओळ नाही. मलपृष्ठावर मात्र ‘अस्सल मातीचा गंध’ असतोच. या पुस्तकांतल्या बाया पाणी आणतात, मार खातात आणि गप्प राहतात. कुणी कुणाला टोमणा मारत नाही. कुणाला चहात साखर कमी वाटत नाही. कुणी हसत नाही.

आणि शेवटी शब्दांच्या अर्थांची यादी. लय म्हणजे खूप. कामून म्हणजे का. जणू आम्ही म्हणजे पाहुण्यांनी चाखून बघायचा पदार्थ आणि सोबत कृती दिलेली. मला हे शब्द कधीच अडले नाहीत. मला अडले ते ‘विदीर्ण’, ‘अनिवार’ आणि ‘आर्त’. त्यांची यादी कुणी दिली नव्हती.

मला ज्या हुरड्याबद्दल लिहायचं आहे, तो कोरोना ओसरल्यानंतरचा. कॉलेज संपलं होतं, नोकरीच्या परीक्षेचा निकाल लागायचा होता, आणि सुमनमावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आईनं मला वालूरला धाडलं होतं. मावशीच्या डोळ्यावर हिरवा चष्मा. चुलीपुढं जायचं नाही, वाकायचं नाही, वाचायचं नाही. यातलं शेवटचं सोडून तिनं काहीच पाळलं नाही.

दुपारी तिच्या ओसरीवर कापूस पसरलेला असे. पहिली-दुसरी वेचणी झालेली, आणि त्यातला डागाळलेला, किडका कापूस, म्हणजे कवडी, वेगळी काढायला शेजारच्या बाया यायच्या. हात चालू आणि तोंडही चालू. सगळ्यांत वरचा आवाज छबूकाकूचा. छबूकाकू मावशीची भिंतीपलीकडची शेजारीण, दोघींचं लग्न एकाच उन्हाळ्यातलं. भांडण आणि माया दोन्ही भिंतीवरून चालायचं.

मावशीच्या ओसरीवर पोथी लावायची रीत फार जुनी आहे. पाटावर लाल फडकं, त्यावर पोथी, शेजारी उदबत्ती. एकीनं ओवी वाचायची, दुसरीनं अर्थ सांगायचा. मावशी अर्थ सांगणारी. तिचा अर्थ ओवीपेक्षा मोठा असे, आणि त्यात देवसुद्धा वालूरच्या बाजारात भाव करायचे. या रीतीचे दोन नियम. लावलेली पोथी अर्धवट सोडायची नाही. आणि त्या दिवसाचं वाचन अशुभावर थांबवायचं नाही. कुणाचं मरण आलं, शाप आला, की कितीही उशीर होवो, बरं काही येईपर्यंत पुढं वाचायचं आणि मगच फडकं झाकायचं. एकदा एका राजाच्या मरणानंतर बराच वेळ बरं काही येईचना, तेव्हा घरोघरी चुली पेटायला उशीर झाला आणि नवऱ्यांनी ओरडा केला, असं छबूकाकू सांगायची.

अशा दिवसांत ती कादंबरी पोस्टानं आली. आदल्या हुरड्याला ते लेखक मावशीकडे येऊन राहिले होते. कुणाच्या तरी ओळखीनं आले, पुण्याचे, साठीचे, मृदू बोलणारे. मावशी त्यांना दादा म्हणायची, ते तिला आक्का म्हणायचे. हुरडा भाजायच्या आगटीजवळ खुर्ची नको म्हणून त्यांनी खाली मांडी घातली होती, त्याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं होतं. माझी तेव्हा परीक्षा होती, मी त्या हुरड्याला वालूरला गेले नव्हते. पण मावशीनं त्यांना काय काय सांगितलं ते मला नंतर सगळ्यांकडून कळलं, कारण तिनं सगळंच सांगितलं होतं. मावशीकडे दोन दिवस राहून काही ऐकायचं राहून गेलं, असं होऊच शकत नाही.

तिनं बारवेची गोष्टही सांगितली. ती गोष्ट दर हुरड्याला व्हायचीच. कणसं आगटीत भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून मावशी ज्याच्या त्याच्या हातावर हुरडा ठेवायची, आणि पोट जरा भरलं की कुणीतरी म्हणायचं, सुमनबाई, बारव होऊ द्या.

लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नाही. सासू एका सकाळी काहीतरी वाईट बोलली. काय बोलली ते मावशी कधीच सांगत नसे. ती उठली आणि गावातल्या बारवेवर जीव द्यायला गेली. बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात. ती उतरत गेली, उतरत गेली, आणि तळाशी पोचली तर पाणी घोट्याएवढं. उन्हाळ्याचे दिवस. “आता काय करावं,” मावशी सांगायची, “मरायला पानी न्हाई, आन् घरी जायला तोंड न्हाई. म्हन्लं बसावं पाऊस पडंपत्तर.” ती पायऱ्यांवर बसून राहिली. एक बेडूक तिच्याकडे बघत राहिला. ऊन उतरायला लागलं तशी तिला कडकडून भूक लागली आणि ती घरी आली. सासू घाबरून अर्धी झालेली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा सुनेसाठी पिठलं केलं, ताट स्वतः समोर ठेवलं. मावशी घास घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, “जीव द्यायला गेले म्हनून सासूच्या हातचं पिठलं भेटलं,” आणि आगटीभोवतीच्या सगळ्या बाया एका आवाजात पूर्ण करायच्या, “तेबी अळनी!”

मी लहानपणापासून त्या हसण्यात वाढले. पुढं समज आली तेव्हा कळलं की त्या दिवसाशी मावशीनं असा हिशेब मिटवला होता. कुणाची मदत न घेता, वर्षानुवर्षं सांगून सांगून, तिनं त्या दिवसाचे दात काढून टाकले होते.

तर कादंबरी आली. पहिल्या पानावर निळ्या शाईत, ‘आक्कांस, आदरपूर्वक.’ मावशीला इतका आनंद झाला की तिनं पुस्तक पाटावरच ठेवलं. छबूकाकू म्हणाली, गोष्टीच्या पुस्तकाला पाट कशाला? मावशी म्हणाली, आपल्या गावाचं हाय, आपल्या घरचं हाय, पाट नगं तर काय उकिरडा पायजे? लाल फडकं आलं, उदबत्ती आली. वाचायला मी. अर्थ सांगायला ती. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही, उलट मजा वाटली.

पहिले दिवस खरोखर मजेचे गेले. लिंबाचं झाड आलं की बाया अंगणातल्या लिंबाकडे बघायच्या. नायिकेचं नाव बदललं होतं, बाकी काही नव्हतं. हनुवटीवरचं गोंदण तेच, डाव्या पायानं जरा ओढत चालणं तेच, दाराचा निळा रंगही तोच. मी वाचलं, ‘तिच्या डोळ्यांत शतकांचं मौन साकळलं होतं.’ सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या. मावशीनं अर्थ सांगितला, “म्हंजी बाई बोलत न्हवती.”

“मंग ही तू न्हवं,” छबूकाकू म्हणाली, आणि कापूस उडेपर्यंत सगळ्या हसल्या.

पण हळूहळू हसणं कमी झालं. त्या पुस्तकात कुणी जेवतच नव्हतं. शेजारीण होती, पण ती नुसती भिंतीआडून बघायची. छबूकाकूला ते लागलं. “मी काय नुसती बघत होते व्हय गं?” असं ती मावशीला दोनदा म्हणाली, आणि मावशीनं समजूत घातली की दादांना सगळं कुठं ध्यानात राहणार. मला वाचताना शंका यायला लागली होती, पण मी पुढची पानं चाळली नाहीत. लावलेली पोथी पुढं उघडून बघायची नसते.

शेवटचं प्रकरण संक्रांत उलटल्यावर एका दुपारी आलं. नायिका बारवेच्या पायऱ्या उतरायला लागली तेव्हा बाया सरसावून बसल्या. आता आपली गोष्ट येणार म्हणून. एकीनं तर पदर तोंडाला लावून हसू आधीच दाबलं होतं. मी वाचत होते. पायऱ्या गोल फिरत गेल्या. तळाशी पाणी होतं. काळंभोर, अथांग, आभाळाला गिळणारं. ‘ती त्या पाण्याला आई म्हणाली,’ असं एक वाक्य होतं, ते मी वाचलं. मग पाण्यावर एक वर्तुळ, मग वर्तुळही नाही. संपलं.

मग छबूकाकू म्हणाली, “पुढं वाच.”

मी पान उलटलं. पुढं आभार होते. अशुभावर थांबायचं नसतं म्हणून मी आभारही वाचले. प्रकाशकांचे, पत्नीचे, मुद्रितं तपासणाऱ्यांचे, आणि शेवटी, ‘मराठवाड्यातल्या त्या अनाम, मूक स्त्रियांचे.’ त्यापुढं लेखकाचा परिचय. त्यापुढं पुठ्ठा.

“आगं, बरं कायतरी आलं पायजे ना,” छबूकाकू म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “असं कसं झाकावं? सुमन, तू सांग मंग फुडचं. तुला तर ठावं हाय.”

मावशीनं हिरवा चष्मा सारखा केला. तिनं सांगायला सुरुवात केली, नेहमीसारखीच. पानी घोट्याएवढं. बेडूक. भूक. सासू घाबरली. पिठलं समोर आलं. तिनं तोंड वाकडं केलं, आणि थांबली, बायांसाठी जागा सोडून.

कुणीच काही बोललं नाही. छबूकाकू रडत होती. जी त्या ओळीवर सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची, ती डोळे पुसत होती आणि मावशीच्या पाठीवरून हात फिरवत होती, जसा सुतकाच्या घरी फिरवतात. पाटावरून वाचलं होतं ना. आमच्याकडे पाटावरचं खोटं नसतं. इतकी वर्षं मावशी तोंडानं सांगत होती ते हसण्यावारी गेलं, आता छापून आलं तेच खरं. बिचारी आतून बुडाली होती आणि आपण दात काढत बसलो, असं त्यांना वाटलं. मावशीनं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि फडकं झाकलं.

त्यानंतरच्या हुरड्याला बारव झाली नाही. कुणी मागितली नाही.

माणूस मारणं सोपं असतं, कादंबरीत तर फारच. बाईनं जगून, हसून, पिठल्याला नाव ठेवून दाखवलं होतं. ते या गृहस्थांना पुरेसं खोल वाटलं नाही. घोट्याएवढ्या पाण्यात साहित्य होत नाही अशी त्यांची समजूत असावी. म्हणून त्यांनी पाणी भरलं. मी तेही मान्य केलं असतं. लेखक बदलतात, त्यांना अधिकार असतो, हे मला माहीत आहे, मी एवढी अडाणी वाचक नाही. पण मग गोंदण बदला. पाय बदला. दाराला दुसरा रंग द्या. बाईचं सगळं जसंच्या तसं उचलायचं आणि फक्त तिचं हसणं टाकून द्यायचं, याला निर्मिती म्हणतात? आणि वर अनाम म्हणायचं? तिनं नाव सांगितलं होतं. आदल्या हुरड्याला, पहिल्याच मिनिटाला सांगितलं असणार, ती सगळ्यांनाच सांगते. सुमन. पुस्तकावर ‘आक्कांस’ लिहून पाठवताना त्यांना ते आठवलं नाही.

कादंबरीला बक्षिसं मिळाली. परीक्षणांत ‘बाईच्या वेदनेचा तळ’ असे शब्द आले. तळ आम्ही बघितलेला आहे, तिथं चिखल आणि बेडूक आहे. परभणीत त्यांचा सत्कार झाला तेव्हा मी मागच्या रांगेत जाऊन बसले. शाल, श्रीफळ, आमच्याच गावचे लेखक एकमेकांना पुढं बसवत होते. भाषणात ते म्हणाले, ती स्त्री मला भेटली तेव्हा ती काहीच बोलली नाही, तिच्या न बोलण्यातून मला ही कादंबरी मिळाली. कुणाला प्रश्न आहेत का, असं विचारलं गेलं. माईक माझ्या रांगेपर्यंत आला. मी तो शेजारच्या बाईंना दिला. त्यांनी विचारलं, आपण लिहायला पहाटे बसता की रात्री?

असल्या पुस्तकांनी माझं वाचन सुटलं असतं. सुटलं नाही, कारण मधेच एक कथासंग्रह हाती लागला. वालूरजवळच्या सेलूकडच्याच एका प्राथमिक शिक्षिकेचा, बौद्ध वस्तीत वाढलेल्या बाईंचा. बारीक पुस्तक, छपाई फिकी. त्यातल्या एका गोष्टीत एक बाई कोंबडीचं अर्धं तिकीट घेण्यावरून कंडक्टरशी भांडते, गावापासून सेलूपर्यंत. एवढंच. ती बाई कशाचंही प्रतीक नाही. कोंबडीही नाही. मी ती गोष्ट मावशीला मांडीवर पुस्तक ठेवून वाचून दाखवली आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या पुस्तकाचा सत्कार कुठं झाल्याचं ऐकलं नाही.

परवाच्या रविवारी ते साहित्यिक पाहुणे आले. लेखक नव्हते, वाचक होते. दोन गाड्या भरून. मी मावशीच्या मदतीला म्हणून गेले. परवानगी काकांनी दिली होती, म्हणजे मावशीच्या यजमानांनी. माणसं आपल्या शेतात येऊन खातात यात त्यांना अजून नुसता आनंदच होतो. आगटी पेटली, गोवऱ्यांचा धूर सरळ वर गेला, जवसाची चटणी, दही, गूळ मांडून झालं. पाहुणे चांगले होते, मला कबूल केलं पाहिजे. खरकटं त्यांनी स्वतः उचललं. पण मावशी दिसली की त्यांचा आवाज खाली यायचा. एका बाईंनी तिच्या पाया पडून डोळे पुसले. एकीनं हनुवटीवरच्या गोंदणाचा फोटो काढला, विचारून काढला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, आक्का, बारवेचं सांगता का?

इतक्या दिवसांनी कुणीतरी मागितलं होतं. मी हातातलं कणीस तसंच धरून उभी राहिले.

मावशीनं त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघितलं. तळहातावरचा हुरडा फुंकला. आणि म्हणाली, “पानी लय खोल होतं.”

ती सांगत गेली. काळं पानी. गोल पायऱ्या. कुणाचा आवाज न्हाई. पाण्यातून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं म्हणे. एक फोन चित्रण करत होता. बेडूक आला नाही, भूक आली नाही. पाहुण्या बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मी सहसा चारचौघांत बोलत नाही. पण मी म्हणाले, “मावशी, पाणी घोट्याएवढं होतं.”

माझ्याकडे सगळे वळले. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू तवा जन्मली बी न्हवतीस. पाव्हण्यांला दही दे.”

मी दही दिलं. थोडं वाटीबाहेर सांडलं.

गाड्या गेल्यावर मी विचारलं, कामून? ती राख सारखी करत होती. मग म्हणाली, “ते मेलेल्या बाईला बघायला आल्ते, माय. जित्या बाईला बघायला वालूरला कोन येतंय?” आणि थोड्या वेळानं, “ती छबी बी तसंच ऐकती आता. किती जनीला सांगत बसू, की मी मेले न्हाई म्हनून?”

मी तिला म्हणाले की मी लिहीन. तुझं नाव घालून, पाणी होतं तेवढंच ठेवून लिहीन, चालेल का? मला वाटलं ती नको म्हणेल. तिनं पदरानं हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं.

“लिही,” ती म्हणाली. “पन लोक हसले पायजेत.”

तेवढंच मला जमलेलं नाही.